बांगडीचा सांधा कोण जोडते?

महाराष्ट्रात हिंदू-मुस्लिम सलोख्याचा विषय निघाला की काही उदाहरणे ठरलेली असतात. गावच्या जत्रेत मुस्लिम घराण्याला असलेला मान, दर्ग्याच्या उरुसात हिंदू घराकडून येणारी चादर, आणि लग्नघरात नवरीच्या हातात हिरवा चुडा भरणारा मण्यार. यातले मण्याराचे उदाहरण मला सर्वात जवळचे वाटते, कारण ते सणावारापुरते नाही, रोजच्या जगण्यातले आहे. परपुरुषापुढे पदर सावरून बसणाऱ्या बायकाही मण्यारचाचापुढे निःशंकपणे हात करत आल्या. बोटे जुळवून, अंगठ्याचे हाड हलकेच दाबून, हाताला न ओरखडता घट्ट मापाची बांगडी चढवणे ही कला आहे, आणि त्या कलेवर दोन्ही समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला आहे.

मराठी भाषेनेही बांगडीचा मान राखला. आपण बांगड्या नुसत्या घालत नाही, त्या भरतो. बांगडी फुटली तरी घरातली मोठी बाई ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणते.

हे सगळे खरे आहे आणि जपण्यासारखेही आहे. पण ही गोष्ट आपण नेहमी मण्याराच्या पेटीपासून सुरू करतो. पेटीत येण्याआधी ती बांगडी कुठे होती, कुणाच्या हातात होती, हे सांगत नाही. तिथेही बरेच हात मुसलमानांचे आहेत, आणि त्यातले पुष्कळसे बायकांचे. सलोख्याच्या आपल्या गोष्टीत या हातांना जागा नाही. माझी तक्रार तिथे आहे.

आपल्या बाजारात येणारी बहुतेक काचेची बांगडी उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादची असते. आग्र्यापासून चाळीसेक किलोमीटरवरचे हे शहर काचेवरच जगते. हाजी रुस्तम उस्ताद यांना तिथे या धंद्याचे जनक मानतात. वाळू, सोडा, चुनखडी आणि फुटक्या काचेचा चुरा भट्टीत वितळवतात. लोखंडी सळईच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेतात, त्यावर रंगाचे थर चढवतात. मग बेलन भट्टीत फिरत्या रुळावर त्या गोळ्याची तार ओढत गुंडाळतात. रुळावरून उतरते ती बांगडी नसते, काचेची लांबलचक स्प्रिंग असते.

इथून पुढे हत्यारांचे आणि हातांचे काम सुरू होते. पहिले काम कापण्याचे. खरे तर काच कधी कापली जात नाही. खिडकीची तावदाने बसवणाऱ्या कारागिराला आपण पाहिलेले असते. तो हिरकणीने काचेवर एक रेघ ओढतो आणि हलका दाब देतो. काच त्या रेघेवरून आपोआप दुभंगते. रेघ एकसारखी हवी, एकदाच ओढलेली हवी. पुन्हा त्याच रेघेवरून हिरकणी फिरवली तर काच भलतीकडेच तडकते. फिरोजाबादेत हीच रेघ त्या स्प्रिंगच्या लांबीवर ओढतात, आणि प्रत्येक वेढा सुटा होतो. सुट्या झालेल्या कड्यांची मोळी बांधतात. तिला तोडा म्हणतात. एका तोड्यात तीनशेहून थोडी जास्त कडी असतात.

पण ही कडी अजून अपुरी आहेत. ती स्प्रिंगमधून निघाल्यामुळे प्रत्येकाची दोन टोके एकमेकांसमोर येत नाहीत, एक पुढे तर एक मागे राहते. म्हणून आधी सधाई: कडे तापवून दोन्ही टोके एका पातळीत आणायची. मग जुडाई: दोन्ही टोके ज्योतीवर धरून मऊ करायची आणि एकमेकांत मिळवून टाकायची. ऐकायला सोपे वाटते, पण काचेचा स्वभाव विचित्र आहे. ती झटकन निवली तर बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला मागे राहतो, आणि दोघांमधला ताण काचेत कायमचा अडकतो. सांध्यापाशी तर चिमूटभर जागा तापते आणि बाकीचे वर्तुळ थंड असते. ज्योतीत किती वेळ धरायचे, केव्हा बाहेर काढायचे, हा अंदाज चुकला की बांगडी आज नाही तर उद्या त्याच जागी तडकणार. हा अंदाज कुठल्या पुस्तकात नाही, तो बोटांत असतो.

शेवटचे काम पकाईचे. सोनेरी नक्षी किंवा रंग चढवलेल्या बांगड्या ट्रेमध्ये मांडून पकाई भट्टीत भाजतात. उष्णता कमी पडली तर सोनेरी रंग चार दिवसांत बोटाला लागून निघतो. जास्त झाली तर काच मऊ पडून बांगडीचा गोलपणा जातो. पाचशे-सहाशे अंशांच्या आसपासचा हा अरुंद पट्टा भट्टीवाला बहुतेकदा नजरेने सांभाळतो.

मोठ्या शहरांतल्या कला-स्टुडिओंमध्ये विजेच्या छोट्या भट्टीत काचेचे तुकडे एकजीव करणे, साच्यावर वाकवणे, मग ठरावीक वेगाने निववणे हे शिकवले जाते. शिकणारे आनंदाने शुल्क भरतात, आणि तयार झालेल्या वस्तूवर कलाकाराचे नाव येते. यात गैर काहीच नाही. पण काचेचे तेच ज्ञान फिरोजाबादेत अंगी असलेल्या माणसाला आपण कलाकार म्हणत नाही. त्याला कारागीर म्हणतो, आणि जुडाई करणाऱ्या बाईला तर तेही म्हणत नाही. ती ‘घरी बसून थोडेफार काम करते’.

हे ‘घरी बसून’च मुळाशी आहे. काच वितळवणे, तार गुंडाळणे ही कामे कारखान्यात होतात. सधाई आणि जुडाई मात्र फार मोठ्या प्रमाणात घरोघरी होते. ठेकेदार तोडे पोहोचवतो, जोडलेले परत नेतो, मजुरी तोड्यावर मोजतो. फुटलेल्या कड्यांचा तोटा बहुतेकदा बाईच्याच माथी येतो. छोट्या खोलीत ज्योत पेटलेली असते. पंखा लावता येत नाही, कारण ज्योत हलली तर सांधा बिघडतो. धूर आणि उष्णता खोलीतच राहतात, आणि तासन्‌तास ज्योतीकडे बघून डोळे चुरचुरतात. घरातच काम असल्यामुळे मुलेही आपोआप हाताशी येतात. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. धोकादायक नसलेल्या कौटुंबिक कामात शाळेनंतर मदत करायला मुलांना तिने मुभा दिली. पण एका खोलीच्या घरात ज्योत धोकादायक आणि मदत निरुपद्रवी अशी रेघ कोण ओढणार?

हे काम घरात का गेले? परंपरा म्हणून, असे उत्तर मिळते. मला ते पटत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा आणि विजेशिवायच्या जागेसाठी वीस कामगारांचा उंबरठा ठरवला होता. घरात मायलेकी आणि सून अशा तिघी बसतात. काम घरी पाठवले की उंबरठा ओलांडावाच लागत नाही. जागेचे भाडे, इंधन, भाजलेल्या बोटाचे औषध, सगळे त्या घराच्या खात्यावर जाते. ही परंपरा नाही, हा हिशेब आहे.

१९९६ सालच्या दोन घटना मला या संदर्भात नेहमी एकत्र आठवतात. त्या वर्षी ३० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या प्रदूषणाच्या खटल्यात निकाल दिला. ताजच्या परिसरातल्या उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर दुसरीकडे जावे, असा आदेश झाला. फिरोजाबाद त्याच पट्ट्यात येते. वायूची वाहिनी आली. टेरी या संस्थेने स्विस सहकार्याने वायूवर चालणारी, वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरणारी भट्टी विकसित केली. संगमरवर पिवळा पडू नये म्हणून देशाने न्यायालय, सरकार आणि अभियंते कामाला लावले, आणि ते योग्यच केले. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांविषयीचा, म्हणजे घरात बसून मालकासाठी उत्पादन करणाऱ्यांविषयीचा, १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. घरातल्या कामगाराला कारखान्यातल्या कामगाराच्या बरोबरीने वागवावे, असे तो सांगतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ताजच्या दगडापर्यंत जाणारा धूर आपल्याला दिसला, पण जुडाईवालीच्या छातीत जाणारा दिसला नाही.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक आकडा आहे. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया घरातच काम करतात. सर्व समाज मिळून हे प्रमाण ५१ टक्के आहे. आपण याचे कारण अभिमानाने सांगतो: आमच्या बायका परदा सांभाळून कमावतात. या अभिमानाचा सर्वात जास्त फायदा कुणाला होतो? ठेकेदाराला. जी बाई बाजारात जाणार नाही तिला बाजारभाव कळणार नाही, आणि शेजारच्या गल्लीत काय दर मिळतो हे तिने विचारले तर ‘घराण्याची इज्जत’ आडवी येते. यातला ठेकेदार पुष्कळदा आपलाच असतो, शुक्रवारी पहिल्या सफेत बसणारा. मजुराची मजुरी अडवून ठेवू नये, ही पैगंबरांची शिकवण त्याने खुतब्यात अनेकदा ऐकलेली असते. हजरत खदीजा स्वतः व्यापार करत होत्या हेही आपण मोठ्या आवाजात सांगतो. मग आपल्या मोहल्ल्यातल्या बाईला तिच्याच मालाचा दर विचारायचा हक्क का नाही?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की मजुरी वाढवली तर धंदा बसेल. प्लॅस्टिकच्या आणि धातूच्या बांगड्यांनी आधीच बाजार खाल्ला आहे, हे खरे. पण जरा गणित करून पाहू. एका तोड्यात पंचवीसहून जास्त डझन असतात. जुडाईची मजुरी तोड्यामागे १० रुपयांनी वाढवली तर डझनामागे वाढ होते ४० पैशांहूनही कमी. लग्नाच्या खरेदीत कोणती नवरी ४० पैशांसाठी हिरवा चुडा नाकारेल? बांगडी या वाढीने महाग होत नाही. मधले हात आपापला वाटा सोडत नाहीत, हे खरे कारण आहे.

दुसरा आक्षेप असा की घरात चाललेल्या कामावर कायदा पोहोचू शकत नाही. याचे उत्तर द्यायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. सोलापूरच्या बिडी कामगार बायकांकडे बघा. त्याही घरी बसून, हजारी दराने बिड्या वळतात. तरीही १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईला कामगार मानले, आणि १९७६ च्या कायद्याने त्यांच्यासाठी कल्याण निधी उभा राहिला. ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी यांसाठी त्या भांडू शकल्या, कारण कायद्याच्या लेखी त्या अस्तित्वात होत्या. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने बिडी कामगारांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती या भांडणातूनच. बिडी कामगारांचे सगळे प्रश्न सुटले असे कुणी म्हणणार नाही. पण घराची भिंत ही कायद्याची हद्द असायलाच हवी असे नाही, एवढे त्यांनी सिद्ध केले.

बांगडीच्या बाबतीतही मागणी साधी आहे. जुडाई-सधाई करणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात तिच्या नावाचे ओळखपत्र आणि तोड्यांची नोंदवही असावी. तोड्याचा किमान दर सरकारने जाहीर करावा. वस्तीत धूर बाहेर नेणारी व्यवस्था असलेल्या सामायिक शेड असाव्यात, म्हणजे ज्योत झोपायच्या खोलीतून बाहेर निघेल आणि चार बायका एकत्र बसल्या की दराची चर्चाही होईल. ठेकेदारांना मला वाटते धुरापेक्षा या चर्चेचीच धास्ती जास्त आहे.

आणि आपण, महाराष्ट्रातल्यांनी काय करावे? मण्यार आणि नवरीची गोष्ट सांगणे सोडू नये. ती सांगायलाच हवी, आज तर जास्तच. फक्त ती अर्धवट सांगू नये. पुढच्या वेळी बांगडी हातात आली की तिच्यावरून नख फिरवून बघा. एका जागी नख किंचित अडखळेल. तो सांधा कुणीतरी डोळ्यांची जळजळ सोसून जोडला आहे. त्याचा पुरेसा मोबदला तिला मिळत नाही तोवर आपल्या सलोख्याच्या गोष्टीत तिचे देणे बाकी आहे.