मुका माज आणि गळ्यातला पट्टा

जबलपूरच्या परियट आणि गौर नद्यांकाठच्या डेअऱ्यांची चर्चा होते ती नदीत जाणाऱ्या शेणापायी. त्याच गोठ्यांत आणखी एक नुकसान रोज होते आणि त्याची नोंदही होत नाही: हुकलेला माज. म्हैस साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि तो माज फार तर दिवसभर टिकतो. तेवढी वेळ गेली की पुढचे तीन आठवडे वैरण, पेंड, मजुरी चालूच. म्हैस मात्र रिकामी. गाय दुसरीवर उड्या मारते, त्यामुळे तिचा माज दुरूनही कळतो. मुऱ्हा म्हैस तसे क्वचितच करते. सोट (माजातला चिकट स्राव) थोडा, ओरडणे बेताचे, बऱ्याचदा रात्रीच्या वेळी, आणि उन्हाळ्यात तर मुका माज. म्हणून जनावरांच्या अंगावर सेन्सर बांधायचेच असतील, तर जबलपुरात त्यांचे पहिले काम आजार हुडकण्याचे नव्हे, माज हुडकण्याचे असावे, असे माझे ठाम मत आहे.

पण कोणता सेन्सर? पायाला बांधून पावले मोजणारे यंत्र 1980च्या दशकात इस्रायलमध्ये पुढे आले, ते मोकळ्या गोठ्यात हिंडणाऱ्या होल्स्टिन गायींसाठी. माजावरची गाय जास्त चालते, हा त्याचा आधार. दावणीला बांधलेली म्हैस चालणार कुठे? तिच्यासाठी रवंथ मोजणारा गळपट्टाच बरा. धडधाकट जनावर दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते आणि माजाच्या दिवशी ते घटते. अडचण अशी की तापानेही ते घटते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की उन्हानेही. एका आकड्याचे तीन अर्थ. ते वेगळे करायला मुऱ्हा म्हशींवरच, इथल्याच उन्हात, वर्षभर नोंदी घ्याव्या लागतील. जबलपुरात 1948पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांच्या नावाचे पशुवैद्यक विद्यापीठही. हे काम त्यांनी अंगावर घ्यावे. परदेशी गायींवर बेतलेले गणित म्हशीच्या गळ्यात अडकवून भागणार नाही.

गवळ्याची नजर असताना यंत्र कशाला, असे विचारले जाते. ती नजर खरीच, आणि सोट पाहून खात्री करायला ती लागणारच. पण शंभर म्हशींच्या गोठ्यात रात्री दोन वाजता ती कोणावर असते? खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय एवढाच की पट्टा प्रत्येक म्हशीला नको. व्यायल्यावर दोनेक महिन्यांनी बांधावा आणि गाभण ठरली की काढून दुसरीला घालावा. तिसरा आक्षेप असा की शहरी डेअरीवाला म्हैस आटली की विकून टाकतो, त्याला माजाचे काय? माझ्या मते उलटेही खरे आहे: ती वेळेत फळत नाही म्हणूनही विकावी लागते, आणि चांगल्या दुधाची म्हैस एक-दोन वेतांतच वंशातून जाते.

तेव्हा दूध संघांनी पट्टे विकत घेऊन भाड्याने द्यावेत, आणि संदेश मालकाबरोबर कृत्रिम रेतन करणाऱ्याच्या फोनवरही जावा. माज ओळखल्यापासून बाराएक तासांत तो गोठ्यात पोचला नाही तर पट्ट्याचा उपयोग शून्य. भाड्याचा निम्मा हिस्सा रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी, डॉक्टरने हात घालून म्हैस गाभण असल्याचे सांगितल्यावरच घ्यावा.