एकशे सात पदके आणि आपला खेळाचा तास



२०२३ साली चीनमधील हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्या २०२२ सालीच व्हायच्या होत्या, पण कोरोनामुळे वर्षभर पुढे गेल्या. या स्पर्धांत आपल्या भारताने १०७ पदके मिळवली. त्यांत २८ सुवर्ण, ३८ रौप्य आणि ४१ कांस्य. शंभराचा आकडा भारताने पहिल्यांदाच ओलांडला आणि पदकतक्त्यात आपला चौथा नंबर लागला. ही गोष्ट अभिमानाची आहे, यात शंका नाही. पण गणिताच्या बाई नेहमी म्हणतात, नुसते उत्तर लिहू नका, रीत पण लिहा. तशी या १०७ ची रीतही पाहिली पाहिजे, असे मला वाटते.

पहिल्या आशियाई स्पर्धा १९५१ साली आपल्याच देशात, दिल्लीला झाल्या. तेव्हा ११ देश आले होते. भारताला १५ सुवर्णांसह ५१ पदके मिळाली आणि जपानच्या खालोखाल आपला दुसरा नंबर आला. त्या वेळी सगळी मिळून ५७ सुवर्णपदके होती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक चार सुवर्णांत एक आपले होते. हांगझोऊला सुमारे ४८० सुवर्णपदके होती, त्यांत आपली २८. म्हणजे सतरांत एक! आकडा वाढला, पण वाटा कमी झाला. आता हेही खरे की १९५१ साली चीन आला नव्हता, कोरियाही नव्हता. चीन पहिल्यांदा १९७४ साली आला. हांगझोऊला एकट्या चीनने २०१ सुवर्णपदके नेली. म्हणून तुलना करताना जपून करावी. पण करावी जरूर.

मधल्या काळात आपली फार घसरण झाली होती. १९८२ साली पुन्हा दिल्लीला स्पर्धा झाल्या तेव्हा १३ सुवर्णे आली. १९८६ साली सेऊलला फक्त ५ आली. त्या पाचांपैकी चार पी. टी. उषामुळे आली. तीन तिने एकटीने जिंकली आणि एक रिलेत, तीन मैत्रिणींबरोबर. केरळातल्या पय्योली गावची ही मुलगी नसती तर देशाच्या खात्यात एकच सुवर्ण राहिले असते. १९९० साली बीजिंगला तर तसेच झाले. साऱ्या देशाला मिळून एकच सुवर्णपदक! आणि ते कशात मिळाले, ठाऊक आहे? आपल्या कबड्डीत. त्याच वर्षी कबड्डीचा त्या स्पर्धांत पहिल्यांदा समावेश झाला होता.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. ओजस देवतळे हा नागपूरचा तिरंदाज. हांगझोऊला त्याने एक नाही, दोन नाही, तीन सुवर्णपदके मिळवली. एक एकट्याने, एक पुरुषांच्या संघात आणि एक ज्योती सुरेखा वेन्नम हिच्याबरोबर. त्या पुरुषांच्या संघात आपल्या विदर्भातलाच, बुलढाण्याचा प्रथमेश जावकरही होता. ओजस ज्या प्रकारात खेळतो त्यात ५० मीटरवरून १५ बाण मारायचे असतात. मधले दहा गुणांचे वर्तुळ चहाच्या कपाच्या तोंडाएवढे असते. २०२३ सालीच बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने १५० पैकी १५० गुण मिळवले. म्हणजे पंधराही बाण कपात!

पण ओजसला सरावासाठी नागपूर सोडून दूर साताऱ्याला जाऊन राहावे लागले. तसल्या धनुष्याचा पूर्ण संच काही लाखांच्या घरात जातो. आमच्या गावात तेवढ्या पैशात शेताला विहीर होते. त्यामुळे आम्हाला धनुष्य घेऊन द्या, असे मी म्हणणार नाही. हांगझोऊच्या १०७ पदकांपैकी २२ नेमबाजीची होती. ती बंदूकही आमच्या आवाक्यातली नाही.

मग आमच्यासारख्यांनी काय करावे? माझे मत असे की तक्ता नीट वाचावा. २९ पदके धावण्याच्या, उडीच्या आणि फेकीच्या खेळांत आली. सगळ्यांत जास्त तिथेच आली. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे, शेतकऱ्याचा मुलगा. त्याची शाळा घरापासून काही किलोमीटर लांब होती, तो पळत जायचा. त्याने हांगझोऊला ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे १९.५० सेकंदांत जिंकली आणि ५००० मीटरमध्ये रौप्यपदकही घेतले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत. तिने २०१० साली ग्वांगझोऊला १०,००० मीटरमध्ये रौप्य आणि ५००० मीटरमध्ये कांस्य मिळवले. आणि भारताचे हांगझोऊचे शंभरावे पदक कोणते? मुलींच्या कबड्डीचे. अंतिम सामना २६ विरुद्ध २५ असा जिंकला. फक्त एका गुणाने! धावायला आणि कबड्डीला काय लागते? मैदान लागते आणि वेळ लागतो. दोन्ही आपल्या गावात आहेत.

आहेत, पण आमच्या वाट्याला येत नाहीत. आता मी जे लिहिते त्याचा कोणी राग मानू नये.

वेळापत्रकात आमचा खेळाचा तास आहे. पण परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो, आणि परीक्षा तर नेहमीच जवळ असते. मैदानाचे म्हणाल तर दिवाळीच्या सुमारास तिथे सोयाबीन वाळत असते आणि लग्नसराईत मांडव पडतो. मांडव निघतो, पण खुंट्यांचे खड्डे तसेच राहतात. पळताना त्यात पाय मुरगळतो.

आणि मुलींचे तर आणखीनच वेगळे. पाचवीपर्यंत आम्ही सगळ्या खेळायचो. आता सातवीत आमच्या वर्गात अकरा मुली आहेत, पण शाळा सुटल्यावर कबड्डीला चारच थांबतात. चार जणींत संघ कसा होणार? कबड्डीला सात लागतात. बाकीच्या घरी पाणी भरायला, लहान भावाला सांभाळायला जातात. काहींच्या घरी म्हणतात, "पोट्टी मोठी झाली, आता मैदानात का उड्या मारते?" माझी आई पण असेच म्हणत होती. मी तिला सांगितले, आई, देशाचे शंभरावे पदक मोठ्या झालेल्या पोट्टींनीच आणले. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बरं बाई, पण दिवा लागायच्या आत घरी ये."

बाबांचा प्रश्न वेगळा आहे. ते म्हणतात, "खेळून का पोट भरते?" प्रश्न खोटा नाही. आमच्या घरी कापूस आणि तूर आहे, पाऊस दगा देतो हे मलाही दिसते. त्याला माझे उत्तर असे. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. अविनाश साबळेही आधी सैन्यात भरती झाला आणि तिथे त्याच्या धावण्याला वळण मिळाले. पण मी एवढ्यावर भर देणार नाही. कारण आमच्या वर्गातल्या एकालाही पदक मिळणार नाही, असेही होईल. तरीसुद्धा खेळावे, असे माझे ठाम मत आहे. २०१८ साली जकार्ताला आपले कबड्डीचे दोन्ही संघ इराणकडून हरले. त्याआधी आशियाई स्पर्धांत पुरुषांचे सुवर्ण सतत आपल्याकडेच होते. सगळे म्हणू लागले, आपलाच खेळ आपल्या हातून गेला. पण पाच वर्षांनी दोन्ही सुवर्णे परत आणली. हरल्यावर पुन्हा उभे राहणे हा धडा फळ्यावर लिहून शिकता येत नाही. तो मैदानावरच शिकावा लागतो. आणि ज्याच्या घरी शेती आहे त्याला तर हा धडा दरवर्षी लागतो.

म्हणून मुख्याध्यापक सर, बाई आणि पालकहो, आमचे मागणे फार मोठे नाही. खेळाचा तास खेळालाच राहू द्या. गणित मागे पडले तर आम्ही सकाळी अर्धा तास लवकर येऊ. सोयाबीन वाळवायला मैदानाची एक बाजू ठरवून द्या, अर्धे आम्हाला मोकळे ठेवा. मांडव काढला की खड्डे बुजवावेत, असा ग्रामसभेत ठराव करा. आणि मुलींना शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस एक तास थांबू द्या. पाणी आम्ही आल्यावर भरू, आणि भावांनीही भरायला काय हरकत आहे?

मुलांनो, तुम्हालाही एक सांगते. १०७ हा आकडा स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करा, चांगलेच आहे. पण तो आकडा दिल्लीत तयार होत नाही. तो मांडव्यात, सावरपाड्यात आणि पय्योलीत तयार होतो. त्या यादीत आपल्या गावाचे नाव कधी येईल ते सांगता येत नाही. पण मैदान मोकळे झाले नाही तर ते कधीच येणार नाही, एवढे मात्र नक्की सांगता येते.

या पालकसभेत हा विषय निघावा, एवढीच विनंती. मुलींच्या संघाला अजून तीन जणी पाहिजेत.

जय हिंद! जय महाराष्ट्र!

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी