फुंकणाऱ्यांची बाजू

अंबडच्या माणसाला आवाजाची भीती घालण्यात काही अर्थ नाही. (अंबड म्हणजे आमचं नाशिकचं, एमआयडीसीवालं. जालना जिल्ह्यातलं अंबड वेगळं, तिथल्या मंडळींनी कृपया राग मानू नये.) आमचं निम्मं आयुष्य पॉवर प्रेसच्या शेजारी गेलेलं. घरात बायको दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा शेजारीण निरोप घेऊन येते, तेव्हा कुठे आम्ही 'ओ' देतो. रिटायर होताना कंपनी घड्याळ देते आणि हा बहिरेपणा देते. पैकी घड्याळ वर्षभरात बंद पडतं.

त्यामुळे मी डीजेच्या विरुद्ध बोलायला उभा राहिलो की मंडळाची पोरं म्हणतात, "काका, तुम्हाला ऐकू तरी कुठे येतं?" अरे, म्हणूनच तर बोलतोय! कानांची किंमत ज्याचे गेलेत त्याला विचारायची, की ज्याला अजून फुकट ऐकू येतंय त्याला?

वाद आहे तो कॉलनीच्या गणपतीला बँड लावायचा की डीजे, याचा. बैठकीत एकजात सगळ्यांनी सांगितलं, "बँड आउटडेटेड झाला." चहा पिऊन ठराव पास. मी एकटा विरुद्ध, आणि माझ्या विरोधाची नोंद वहीत करायला पेन मिळेना.

आता जरा हिशेब करू. कारखान्यांच्या नियमांत आवाजाचं कोष्टक आहे. ९० डेसिबल असेल तर आठ तास, १०० असेल तर दोन तास, ११० असेल तर अर्धा तास. ११५ च्या वर कामगाराला उभंच करायचं नाही. कानात बोळे न घालता एखादा गडी प्रेसजवळ दिसला तर सेफ्टी ऑफिसर असा धावतो, की जणू त्याचे स्वतःचेच कान कोणी उपटले. आणि तोच गडी संध्याकाळी घरी येतो, अंघोळ करतो, पाचशे एक रुपये वर्गणी देतो, आणि भिंतीसारख्या रचलेल्या खोक्यांपुढे उघड्या कानांनी पाच तास नाचतो! कारखान्यात निदान ओव्हरटाइम तरी मिळतो.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. आमच्याकडे रस्त्याच्या एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला घरं. अध्यक्षांचं म्हणणं, आपण औद्योगिकमध्ये मोडतो. वर्गणी मागताना वस्ती आणि मीटर लावताना औद्योगिक!

बँड काही ५५ मध्ये बसतो असं मी म्हणत नाही. ट्रम्पेट फुंकलं की ते ट्रम्पेटसारखंच वाजणार. पण फुंकणाऱ्याला दम लागतो, हा केवढा मोठा गुण आहे! तीन गाणी झाली की क्लॅरिनेटवाला तोंडातून पिपाणी काढतो, घाम पुसतो, कोपऱ्यावर चहा घेतो. तेवढ्यात पोरं एकमेकांशी दोन शब्द बोलतात. खोक्याला दम लागत नाही. जनरेटरमध्ये डिझेल आहे तोवर त्याचं चालूच. आणि बँडमास्तरला डोळे असतात. दवाखाना आला की त्याचा हात वर जातो. गल्लीत कोणाकडे दुःख झालेलं असलं तर वाद्यं खाली घेऊन सगळी मंडळी मुकाट्याने पुढे सरकतात, आणि वळण ओलांडल्यावर मग साइड ड्रमवर हळूच काठी पडते. एखादी आजी पदर खोचून मिरवणुकीत शिरली की ठेका आपोआप खाली येतो. ट्रकवर बसलेल्याला आजी दिसत नाही. दिसली तरी तिच्यासाठी हळू वाजणारं गाणं त्याच्या पेटीत नसतं.

राहिला प्रश्न 'आउटडेटेड'चा. गेल्या नाताळात मी भाच्याकडे इंग्लंडात होतो, कॉव्हेंट्रीला. मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेलं गाव, म्हणजे आपल्या अंबडचा थोरला चुलतभाऊच. तिथे एका साध्या हॉलमध्ये नाताळची पार्टी होती. आपल्याकडच्या मंगल कार्यालयासारखाच हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्यांसकट. स्टेजवर बँड! ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, सगळे घामाघूम. भाचा म्हणाला, "मामा, याला स्का म्हणतात." दोन ठोक्यांच्या मधे जी रिकामी जागा असते तिथे गिटारवाला नेमका ठोसा मारतो, त्यामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावरून एसटीत बसल्यासारखं अंग आपोआप उडतं. टक्कल पडलेले आजोबा उडत होते, त्यांच्या नाती उडत होत्या, मीही दोन इंच उडालो. सगळ्यांचे चेहरे बँडकडे होते, आणि बँडवाल्यांचे आमच्याकडे.

हे स्का आलं जमैकातून, आणि त्याची कुळकथा आमच्या अध्यक्षांनी पाठ करावी अशी आहे. १९५० च्या दशकात किंग्स्टनमध्येही खोकीच होती! ड्यूक रीड, कॉक्सन डॉड वगैरे मंडळी अमेरिकन तबकड्या मोठमोठ्या स्पीकरवर लावून गावाला नाचवत. पुढे अमेरिकेतली आवड बदलली, हव्या तशा तबकड्या येईनात. तेव्हा या खोकेवाल्यांनी काय केलं? गावातले वाजवणारे बोलावले आणि नवं संगीत करून घेतलं. त्यातले कित्येक अल्फा नावाच्या शाळेतले. गरीब मुलांची शाळा, कॅथलिक सिस्टर चालवायच्या, आणि शाळेचा स्वतःचा बँड होता. १९६४ साली स्कॅटलाइट्स हा बँड निघाला, त्याच्या संस्थापकांपैकी चौघे तिथलेच. त्याच शाळेतला रिको रॉड्रिगेझ इंग्लंडात जाऊन कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्समध्ये ट्रॉम्बोन वाजवू लागला. हा बँड १९७९ मध्ये गाजला, त्यात काळी-गोरी पोरं एकत्र होती. म्हणजे तिथे खोक्याने वाजवणाऱ्याला काम दिलं. आमच्या खोक्याने वाजवणारा गिळला आणि वर ढेकर दिली.

आणि आमच्याकडे काय कमी होतं हो? गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरं नोटेशन वाचायला शिकली आणि मुंबईच्या सिनेमाचा ऑर्केस्ट्रा त्यांनी उभा केला. १९५१ च्या 'अलबेला'त पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चालींना गोव्याच्या चिक चॉकलेटचं ट्रम्पेट होतं. त्या गाण्यांवर आमच्या बापजाद्यांच्या वराती निघाल्या.

पण वाजवणाऱ्याला आम्ही वागवलं कसं? अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि जेवायला शेवटची पंगत. तीही मांडवाच्या मागे, भटारखान्याजवळ. जिलबी संपलेली असायची. पिढ्यान् पिढ्या वाजवणारी घरं ही. त्यांच्या पोरांनी 'हा धंदा नको' म्हटलं तर त्यांचं काय चुकलं? चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे आषाढापासून कार्तिकापर्यंत ट्रम्पेट भिंतीला टांगलेलं. मधे हा एक गणपती येतो. २०२० आणि २०२१ मध्ये तोही मिरवणुकीविना गेला. तेव्हा कोट विकून कोणी मोलमजुरीला गेले, ते परतलेच नाहीत. आपण डीजे लावतो तेव्हा वीस घरांची आगाऊ रक्कम एका ट्रकमध्ये भरतो. त्याबद्दल ठरावात एक ओळ नव्हती.

कोणी म्हणेल, बँड बेसूर वाजवतो. वाजवतो ना! वर्षातून चार महिने काम मिळाल्यावर तुमचा लेथसुद्धा सुरात चालणार नाही. रियाजाला पैसे लागतात, ते आपणच द्यायचे असतात.

तर अध्यक्षमहाराज, ठराव फिरवा. बँडला बोलावा, आगाऊ रक्कम आषाढातच द्या, आणि महाप्रसादाच्या पहिल्या पंगतीत त्यांना बसवा, जिलबी असेपर्यंत. त्यासाठी पावतीपुस्तक घेऊन आलात तर माझे दोन हजार एक लिहा, चहा वेगळा. डीजेसाठी आलात तरी रिकाम्या हाताने पाठवणार नाही. कंपनीतले कानात घालायचे बोळे खणात आहेत, डझनभर. धुऊन ठेवलेत.