विद्यार्थ्यांचा अंक आणि वडीलधाऱ्यांची कात्री

कॉलेजच्या अंकात निसर्गवर्णन शोभते, राजकारण शोभत नाही, असे बागली-देवासकडील आपल्या जुन्या मराठी घरांतूनही पुष्कळदा ऐकू येते. मला हे पटत नाही.

फर्ग्युसन कॉलेजात शिकत असता विनायक सावरकर व त्यांचे सोबती ‘आर्यन वीकली’ हे हस्तलिखित साप्ताहिक काढीत. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांस १० रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. टिळकांनी ‘केसरी’तून त्या शिक्षेचा समाचार घेतला. परांजपे सनातनी नव्हते, चांगले सुधारक होते, हे येथे ध्यानात घ्यावे. मुलांच्या मतांचा धाक केवळ जुन्या वळणाच्या मंडळींसच वाटतो, असे नाही. तो खुर्चीस वाटतो. आणि दंडाने सावरकरांचे मत तर तसूभरही बदलले नाही.

म्हणून माझे सांगणे इतकेच, की प्राध्यापक-संपादकांनी भाषा तपासावी, आधार मागावा. मतास कात्री लावू नये. मुलगा परंपरेचा कैवार घेवो वा तिच्यावर तुटून पडो, लेखाखाली त्याचे नाव असावे आणि पुढील अंकात विरुद्ध मतास तितकीच जागा मिळावी. नावानिशी लिहिलेल्या मताची जबाबदारी घ्यावी लागते. कुजबुजीची कोणीच घेत नाही.