भत्ता, कपात आणि मतपेटी

इथल्या मराठी मंडळाच्या गप्पांत ‘ब्युर्गरगेल्ड’चा, म्हणजे बेकारांच्या सरकारी निर्वाहभत्त्याचा, विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, आपल्या पगारातून बसून खाणाऱ्यांना पोसलं जातं. दुसरा म्हणतो, हा पैसा बंद केला तर लोक नाझींच्या वाटेने जातील. जर्मनीत राहून तरी दोघांनी इतकं सोपं बोलू नये; इथला इतिहास तेवढा सरळ नाही.

चान्सेलर बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारविमा आणला, पुढच्या वर्षी अपघातविमा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचं पेन्शन (तेही सत्तरीनंतर, तोवर जगणारे कामगार कितीसे होते!). कामगार समाजवाद्यांपासून तोडायचा, हा हेतू त्याने लपवलाही नाही. १८९० च्या निवडणुकीत सर्वाधिक मतं समाजवाद्यांनाच पडली. निष्ठा अशी विकत मिळत नाही.

मात्र दिलेलं काढून घेतलं की काय होतं, तेही इथेच दिसलं. १९२७ च्या कायद्याने बेकारी विमा मिळाला. मंदीत त्याची तिजोरी आटली आणि वर्गणी वाढवायची की भत्ता कापायचा, या वादात मार्च १९३० मध्ये चान्सेलर हेर्मान म्युलर यांचं सरकार पडलं. नंतर आलेल्या ब्र्यूनिंग यांनी राष्ट्राध्यक्षांच्या अध्यादेशांच्या जोरावर पगार, पेन्शन, भत्ते, सगळ्यालाच कात्री लावली. १९२८ मध्ये २.६ टक्के मतं मिळवणारा नाझी पक्ष सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्क्यांवर आणि जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांवर गेला. कपात हे एकमेव कारण नव्हतं, हे खरं. शिवाय बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींकडे वळले ते छोटे दुकानदार, कारागीर, शेतकरी. ज्यांच्याकडे गमावण्यासारखं अजून काही उरलं होतं, ते! म्हणून मला वाटतं, माणूस टोकाला जातो तो गरिबीपेक्षा घसरण्याच्या भीतीने.

भत्ते शाबूत असतानाही फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत अतिउजव्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली. या पक्षाच्या अनेक मतदारांना कल्याणकारी राज्य नकोसं झालेलं नाही. त्यांना ते फक्त ‘आपल्या’ माणसांपुरतं हवं आहे. त्या यादीत कुलकर्णी-पाटलांची नावं नसतील, हे ‘बसून खाणारे’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आपल्यापैकी ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांनी मत देण्याआधी जाहीरनाम्यातला भत्त्यांचा भाग जरूर वाचावा. किती कापणार यापेक्षा कोणाचं कापणार, ते आधी बघावं.