‘नुसती वायर तर बदलायची आहे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगाल?



मागच्या व्हिडिओत जुन्या ट्रॅक्टरच्या प्लग वायरीचा विषय दोन मिनिटांत गुंडाळला. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘सर, एवढ्याशा कामाची तपासणी फी कसली मागायची?’ माझं मत ठाम आहे. मागायची, आणि कामाला हात लावायच्या आधी मागायची. का, ते सविस्तर सांगतो.

आमच्या बेलपाड्यात आता शेत शोधावं लागतं. सिडकोने जमिनी घेतल्या, टॉवर उभे राहिले, गावाच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालं. पण शेत गेलं म्हणून मशीन गेलं नाही. पनवेल, चौक, कर्जत या पट्ट्यात फार्महाऊस झाले आणि तिथे हौसेने जुन्या गाड्या, जुने ट्रॅक्टर आणून ठेवणारी माणसं आली. बॅचमधल्या एका पोराला असाच एक फोन आला. चौकच्या पुढे एका फार्महाऊसवर करड्या रंगाचा जुना फर्ग्युसन उभा होता. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. मालकाचा तो पेट्रोलवर चालणारा होता, चार सिलिंडर, चार प्लग. दसऱ्याला पूजा करून अंगणात एक फेरी मारायची, एवढीच मालकाची इच्छा. पण पावसाळ्यानंतर इंजिन मिसिंग मारत होतं. मालकाने कुणाला तरी फोनवर विचारून वायरींचा नवा सेट मागवून ठेवला होता. ‘ये आणि बसवून जा, चारशे रुपये देतो.’

पोरगं गेलं. चारही वायरी एकदम काढल्या आणि इथेच फसलं. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम 1-3-4-2 आहे. म्हणजे डेल्कोच्या कॅपवर पहिल्या प्लगच्या वायरीशेजारी, रोटर फिरतो त्या दिशेने, तिसऱ्याची वायर येते, दुसऱ्याची नाही. याने सरळ 1-2-3-4 लावल्या. इंजिन सुरू व्हायचं नाव घेईना, मधूनच सायलेन्सरमधून फटाके. दोन तास गेले, मग मला फोन, मग क्रम जुळला. इंजिन चाललं, चारशे रुपये मिळाले, पोरगं खूश.

आठवड्याने पाऊस झाला आणि परत मिसिंग. दुसरी फेरी फुकट. तिसऱ्या फेरीत कळलं की वायरींत दोष नव्हताच. कॅपला आतून केसाएवढी चीर होती, तिच्यात काळी रेघ पडली होती आणि दमट हवेत ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्या रेघेतून निसटत होती. कॅप मागवावी लागली, दसरा गेला. हिशोब करा. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, तीन फेऱ्या म्हणजे एकशेऐंशी. बाईकने पंचेचाळीसचं ॲव्हरेज दिलं तरी चार लिटर पेट्रोल, आणि लिटरचा भाव शंभराच्या वर. चारशे रुपये तिथेच संपले. तीन दिवसांची मजुरी शून्य. वर शेजारच्या दोन फार्महाऊसवर बोभाटा, ‘त्या पोराला जमत नाही.’

लोक म्हणतील, अनुभव कमी पडला. क्रमाची चूक अनुभवाचीच होती, मान्य. ती टाळायची रीत सोपी आहे. एक वायर काढा, तिच्या लांबीची नवी कापा, ती बसवा, मगच दुसरीला हात लावा. काढण्याआधी चिकटपट्टीवर आकडा लिहून प्रत्येकीला गुंडाळा. पण पैसे बुडाले ते या चुकीने नाही. पैसे बुडाले कारण निदान गिऱ्हाइकाने केलं होतं आणि आपल्या पोराने ते निमूट मान्य केलं. डॉक्टरकडे आपण स्वतःच गोळीचं नाव सांगत गेलो आणि त्याने नाडी न बघता तीच लिहून दिली, तर दोष कुणाचा?

तपासायला किती वेळ लागला असता? फार तर अर्धा तास. इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. जिथे आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. (उघड्या हाताने कधीही नाही, कॉइलमधून हजारो व्होल्ट येतात.) त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करून बघायचा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब, नाहीतर वायर किंवा कॅप. अंधार पडल्यावर इंजिन चालू करून नुसतं बघत उभं राहिलं तरी गळकी वायर निळी चमकताना दिसते. बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारला की आणखी स्पष्ट. आणि आपल्या कोकणपट्टीत आधी उंदराचे दात बघा! पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने उभ्या राहिलेल्या मशीनची वायर उंदराने सोडली तर नवल.

आता धंद्याच्या दृष्टीने एक इशारा. हे वाचून कुणी प्लग वायरींचे पन्नास सेट भरून ठेवू नका. आपल्याकडे शेतात चालणारे ट्रॅक्टर जवळपास सगळे डिझेलचे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं, तिथे ठिणगीचा प्लगही नाही आणि वायरही नाही. नोझलकडे जाणाऱ्या पाईपांना वायर समजणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून फोनवर पहिला प्रश्न, ‘पेट्रोल की डिझेल?’ या एका प्रश्नाने कितीतरी फुकट फेऱ्या वाचतील.

पेट्रोलची जुनी मशीनं थोडी आहेत, पण ती हातळणारे त्याहून थोडे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्री पॉइंट, कंडेन्सर, डेल्को डोळे मिटून लावायचे. असा एखादा मिस्त्री ओळखीत असेल तर महिनाभर त्याच्या हाताखाली पाने द्या. हे कोर्समध्ये शिकवता येत नाही, माझ्या कोर्समध्येही नाही.

फी मागितली तर गिऱ्हाईक पळतं, हा आक्षेप खरा आहे. काही पळतील. जो चारशे रुपयांत तीन फेऱ्या मारायला लावतो, तो पळाला तर आपलं पेट्रोल वाचलं. बाकीच्यांना फी नको असते असं नाही, त्यांना ती शेवटी अचानक कळलेली नको असते. म्हणून मी त्या पोराला छोटी पावती छापायला लावली. वर जाण्या-येण्याचा खर्च, खाली तपासणी फी, मग ‘दोष कुठे सापडला’ याची ओळ, आणि त्याखाली दुरुस्तीचा अंदाज. काम आपल्यालाच दिलं तर तपासणीतली निम्मी रक्कम वजा. गिऱ्हाइकाने स्वतः आणलेला पार्ट बसवायचा असेल, तर त्याची हमी आपली नाही हेही पावतीवर.

फार्महाऊसच्या मालकाला त्याने स्वतः फोन केला. ‘वायरींचा क्रम चुकला ही माझी चूक, तपासल्याशिवाय बसवल्या हीपण माझीच. कॅपचे पैसे तुमचे, बसवायची मजुरी नको.’ मालक थोडे कुरकुरले, मग हो म्हणाले. कॅप बसली, ट्रॅक्टर दिवाळीच्या पाडव्याला अंगणात फिरला. नव्या पावतीपुस्तकातली पहिली पावती त्याच मालकाला फाडली गेली, गवत कापायच्या ब्रश कटरसाठी. तक्रार अशी होती की, ‘सुरूच होत नाही, नुसता प्लग बदलून दे.’ पोराने आधी तपासणी फी सांगितली. दोष निघाला वायरीच्या टोकाच्या कॅपमध्ये.