राणी, शेजारीण आणि निळी पेटी

‘डॉक्टर हू’च्या पक्क्या चाहत्यापुढे ‘डायमेन्शन्स इन टाइम’चं नाव काढून बघा. तोंड वाकडं होतं आणि विषय बदलतो. घराण्यातल्या एखाद्या लग्नाचे फोटो अल्बममध्ये लावायचे नाहीत असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं, तसं या प्रकरणाचं आहे. लग्न मात्र बीबीसीने भर चौकात, एक कोटी तीस लाखांहून जास्त प्रेक्षकांसमोर लावलं होतं.

तारीख २६ आणि २७ नोव्हेंबर १९९३. निमित्त ‘चिल्ड्रेन इन नीड’ या मुलांसाठीच्या निधीसंकलनाचं. निळ्या पोलीस पेटीतून काळात कुठेही जाणारा डॉक्टर पडद्यावर आला त्याला तीस वर्षं झाली होती, पण मालिका डिसेंबर १९८९ पासून बंदच होती. वर्धापनदिनासाठी मोठी कथा करायचं घाटत होतं, तेही बारगळलं. उरलं काय, तर दोन रात्रींत मिळून जेमतेम अर्ध्या भागाइतकी ही करामत. तिचं चित्रीकरण झालं बीबीसीच्याच ‘ईस्टएंडर्स’ या सोपच्या, म्हणजे घरगुती रडारडीच्या मालिकेच्या, सेटवर. लंडनच्या पूर्वेकडचं काल्पनिक वॉलफर्ड, तिथला अल्बर्ट स्क्वेअर, कोपऱ्यावरचा क्वीन विक पब, समोर भाजीपाल्याच्या आणि कपड्यांच्या गाड्या. खलनायिका राणी (हो, नाव हेच) डॉक्टरला या चौकात अडकवते. मग १९७३, १९९३, २०१३ अशी वर्षं उलटीपालटी होतात, वाक्य संपायच्या आत डॉक्टर बदलतो, पाच-पाच डॉक्टर येऊन जातात आणि भोवती चौकातले रहिवासी पॉलीन, कॅथी, मिचेल बंधू, गीता आणि संजय आपापलं बोलत राहतात. पहिला भाग संपल्यावर प्रेक्षकांना फोन करून ठरवायचं होतं की डॉक्टरला मदत कोण करणार, मँडी की बिग रॉन? मँडी जिंकली.

वर हे सगळं त्रिमितीत! युक्ती मात्र मजेदार होती, आणि घरी करून बघता येते. दोऱ्याला किल्ली बांधून डावी-उजवी हलवायला सांगा, समोर बसा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून एका डोळ्यापुढे गॉगलची काच धरा. किल्ली सरळ रेषेत न हलता लंबगोल फिरताना दिसेल. अंधाऱ्या डोळ्याकडून मेंदूला निरोप किंचित उशिरा पोचतो आणि त्या उशिराचा अर्थ मेंदू खोली असा लावतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिश यांनी १९२२ मध्ये हे मांडलं. गंमत म्हणजे त्यांचा एक डोळा गेलेला असल्याने त्यांना स्वतःला तो परिणाम कधी दिसला नाही. पण युक्तीची अट अशी की चित्रात काहीतरी सतत आडवं सरकायला हवं. म्हणून कॅमेरा एक क्षण स्थिर नाही, पुढून गाड्या जातात, मागून माणसं जातात. चष्म्याशिवाय बघणाऱ्याला वाटावं की कॅमेरामनला घरी जायची घाई आहे.

कलाकारांनी पैसे घेतले नाहीत आणि त्याच बोलीमुळे हे प्रकरण कधी कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर विकायला आलं नाही. चाहत्यांना त्याचंही दुःख नाही. त्यांची तक्रार मुळातली आहे: आमच्या विज्ञानकथेला रोजच्या रडारडीच्या मालिकेत नेऊन बाटवलं.

मला ही तक्रारच पटत नाही. बाटायला आधी वेगळं असावं लागतं.

‘ईस्टएंडर्स’ १९ फेब्रुवारी १९८५ ला सुरू झाली. ती उभी केली टोनी हॉलंड आणि ज्युलिया स्मिथ या जोडीने. या ज्युलियाबाईंनी १९६६-६७ मध्ये ‘डॉक्टर हू’च्या दोन कथा दिग्दर्शित केल्या होत्या, एक चाच्यांची आणि एक बुडालेल्या अटलांटिसची. उलट बाजूने बघा. ‘डॉक्टर हू’ची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट. (पहिली कथा दिग्दर्शित केली लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी, पण तो वेगळ्या लेखाचा ऐवज.) पुढे लँबर्टबाईंच्या कंपनीने, ज्युलिया आणि टोनी याच जोडीला घेऊन, बीबीसीसाठी स्पेनमध्ये ‘एल्डोराडो’ नावाची मालिका काढली. जुलै १९९२ मध्ये आली आणि वर्षभरात गाशा गुंडाळला. म्हणजे अल्बर्ट स्क्वेअरमध्ये डॉक्टर उतरण्याआधीच दोन्ही घरच्या बायकांनी एकत्र संसार मांडून मोडलाही होता.

आणि हत्यारं तरी कुठे वेगळी होती? तसाच स्टुडिओ, तसेच तीन-चार व्हिडिओ कॅमेरे, तीच ‘आज एवढी पानं झालीच पाहिजेत’ अशी घाई. भागाचा शेवट प्रेक्षकाचा जीव टांगणीला लावून. इकडे किंचाळणारी धून, तिकडे ढोलाचे ठोके. नट बदलण्याचा पेच दोघांनाही. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेलना काम झेपेना तेव्हा ‘डॉक्टर हू’ने त्याची गोष्टच केली: डॉक्टरचं शरीर पालटतं, माणूस तोच राहतो. सोपवाले एवढंही करत नाहीत. ‘ईस्टएंडर्स’मधला बेन मिचेल एका नटाकडून दुसऱ्याकडे असा सहा हातांतून गेला आणि घरातल्या कुणी हूं की चूं केलं नाही. आपल्याकडच्या मालिकांत सून बदलते तेव्हा सासूही काही विचारत नाहीच.

खरं वैर चाहत्यांच्या डोक्यात आणि बीबीसीच्या वेळापत्रकात होतं. ‘ईस्टएंडर्स’ सुरू झाल्यावर आठवडाभरानेच ‘डॉक्टर हू’ला दीड वर्षाची सक्तीची रजा जाहीर झाली. आपले पैसे सोपने खाल्ले हा समज तेव्हा रुजला. परत आल्यावर १९८७ पासून तिला बसवलं थेट ‘कोरोनेशन स्ट्रीट’समोर, ती आयटीव्हीवरची १९६० पासूनची अख्ख्या देशाची मालिका. दोन वर्षांत निकाल लागला. मारलं सोपने असं चाहते म्हणतात. माझ्या मते मारलं समोर बसवणाऱ्यांनी.

मालिकेला पुन्हा उभं केलं ते मात्र सोपवाल्यानेच. रसेल टी. डेव्हिस यांनी ‘रेव्हलेशन्स’ नावाची सोप घडवली होती, ‘कोरोनेशन स्ट्रीट’ची एक खास व्हिडिओ-कथा लिहिली होती. २००५ मध्ये त्यांनी डॉक्टरच्या सोबतीला रोझ टायलर दिली आणि रोझला दिली आई. जुन्या मालिकेत तरुण मुली पेटीत चढून जायच्या आणि मागे घरी काय झालं हे सहसा कुणी विचारायचं नाही. डेव्हिस यांनी तोच प्रश्न विचारला. रोझ परत येते. डॉक्टर म्हणतो, फक्त बारा तास झालेत. ती घरात शिरते तर आई चहाचा कप हातातून सोडून पुतळ्यासारखी उभी. बाहेर डॉक्टरला खांबावर एक पत्रक दिसतं: ‘हरवली आहे’, खाली रोझचा फोटो. बारा तास नव्हे, बारा महिने. मधल्या काळात पोलिसांनी तिच्या मित्राला खुनाच्या संशयावरून पुन्हापुन्हा बोलावलेलं. आई डॉक्टरला सणसणीत मुस्काटात देते. कालप्रवासाचा हिशेब चुकला तर त्याची किंमत कोण मोजतं, हे चाळीस वर्षांत असं कुणी दाखवलं नव्हतं. आणि हे सुचलं ते बेपत्ता मुली, रडणाऱ्या आया आणि संशय घेणारे शेजारी यांवर हात बसलेल्या लेखकाला.

पुढच्याच वर्षी ‘डॉक्टर हू’च्या एका कथेत जगभर भुतं दिसू लागतात तेव्हा रोझच्या घरातल्या टीव्हीवर ‘ईस्टएंडर्स’ लागलेली असते आणि त्यात पेगी मिचेल, म्हणजे साक्षात बार्बरा विंडसर, एका भुताला पबबाहेर हाकलत असते. आता १९९३ मध्ये डॉक्टर ज्या चौकात प्रत्यक्ष हिंडला तो २००६ मध्ये टीव्हीवरचा निघाला, याची संगती लावत बसलेले चाहते मला फार आवडतात. मालिका बघणं म्हणजे हेच तर.

सर्वांत मोठी खेळी डेव्हिस यांनी अलीकडे केली. डिसेंबर २०२३ मध्ये रुबी संडे या नव्या सोबतिणीच्या शेजारी एक मिसेस फ्लड राहायला आल्या. दारात उभ्या, सगळ्यांवर नजर, आणि जाता जाता थेट कॅमेऱ्याकडे बघून प्रेक्षकालाच विचारणार, पेटी कधी बघितली नव्हती का? ही शेजारीण म्हणजे अनिता डॉब्सन, ‘ईस्टएंडर्स’मधली अँजी वॉट्स. १९८६ च्या नाताळच्या दिवशी अँजीच्या नवऱ्याने तिच्या हातात घटस्फोटाचे कागद ठेवले तेव्हा तीन कोटींवर माणसं ते बघत होती.

मग आलं २०२५. फेब्रुवारीत ‘ईस्टएंडर्स’ची चाळिशी. थेट प्रक्षेपणात क्वीन विक कोसळलेलं, ढिगाऱ्यात अडकलेल्या शॅरनला तिची आई दिसते, कथेत कधीच मरून गेलेली अँजी. त्याच भागात डेनिसने जॅकला निवडायचं की रवीला याचा कौल प्रेक्षकांकडून मागवला होता, आणि तो जॅकच्या बाजूने पडला. मँडी आणि बिग रॉनची आठवण कुणाला झाली असेल तर ती बंदी घातलेल्या अल्बमवाल्यांनाच. तीन महिन्यांनी, १७ मे रोजी, मिसेस फ्लडची ओळख उघड झाली. त्या राणी. तीच, जिने वॉलफर्डमध्ये सगळा गोंधळ घातला होता. त्याच वेळी त्यांच्यातून दुसरी राणी बाहेर पडली, आर्ची पंजाबी, रुबाबदार आणि हुकूम सोडणारी. डॉब्सनबाई तिच्या मागे पर्स सांभाळत उभ्या असल्यासारख्या.

दोन आठवड्यांनी शेवटच्या भागात या सगळ्याची माती केली हे मात्र डेव्हिस यांच्या नावावर लिहावंच लागेल. नवी राणी एका राक्षसाच्या तोंडात पडली, कथा दुसरीकडे धावली. पण जुनी निसटली. सोपमध्ये वाढलेली बाई, मृतदेह दाखवल्याशिवाय मरणार कशी?